नाचता येतं, पण अंगण १०,००१ चं नाही

टचलाइन:
इंग्लंडच्या रग्बी चॅम्पियनशिपचा, म्हणजे सर्वोच्च लीग प्रीमियरशिपच्या लगेच खालच्या लीगचा, २०२१-२२ चा हंगाम अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ११ क्लब, प्रत्येकी २० सामने, आणि शेवटी विजेते ईलिंग ट्रेलफाइंडर्स. वर जागाही होती. प्रीमियरशिपमधून त्या वर्षी कुणी खाली येणारच नव्हतं. तिथे १३ क्लब होते, चौदाव्याचं ताट मांडलेलं होतं. तरीही हंगाम संपायच्या आधीच रग्बी युनियनने सांगून टाकलं की शर्यतीतले ईलिंग आणि डॉनकास्टर, दोघंही किमान निकषांत बसत नाहीत. ईलिंगचं घोडं अडलं मैदानापाशी. तिथे तेव्हाच्या नियमाप्रमाणे १०,००१ प्रेक्षक मावायला हवे होते. (हा वरचा एक कशासाठी? लग्नातल्या आहेराचं पाकीट आहे का?)
आपल्याकडे नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवतात. इथे नाचणारा उत्तम, आणि अंगणाच्या नावाने त्यालाच घरी पाठवलं. माझं म्हणणं साधं आहे: जो लीग जिंकतो तो वर जातो. हे होणार नसेल तर वीस सामने खेळवायचे कशाला?

हिशेबनीस:
भावनेला +१, मुद्द्याला नाही. ईलिंग हा गुणी क्लब आहे, पण तो माइक गूली यांच्या ट्रॅव्हल कंपनीच्या पैशावर उभा आहे. क्लबच्या नावातच कंपनी आहे. २०२१-२२ मध्ये प्रीमियरशिपची पगारमर्यादा होती ५० लाख पौंड. ईलिंगच्या वॅलिस वे मैदानावर जितकी तिकिटं विकली जातात त्यात एवढा खर्च भागेल का, हे कागदावर मांडून बघा. मोठं स्टेडियम ही मिरवायची गोष्ट नाही, ते उत्पन्नाचं साधन आहे.
आणि मैदानाशिवाय वर गेलेल्यांचं काय झालं तेही बघा. लंडन वेल्शला २०१२ मध्ये असंच आधी नाकारलं होतं. अपिलात ते जिंकले, वर गेले, ऑक्सफर्डला फुटबॉलच्या भाड्याच्या मैदानावर खेळले आणि वर्षभरात खाली आले. २०१४ मध्ये परत वर गेले आणि त्या हंगामात २२ पैकी २२ सामने हरले. २०१६ संपता संपता कंपनी अवसायनात. जिंकलेलं अपील त्या क्लबला पचलं नाही.

टचलाइन:
हिशेबनीस साहेब, मग मोठी मैदानं असलेल्यांचाही ताळेबंद मांडा की. वास्प्सकडे कॉव्हेंट्रीत सुमारे ३२,००० चं स्टेडियम होतं, स्वतःच्या ताब्यातलं. त्यासाठी काढलेले साडेतीन कोटी पौंडांचे रोखेच गळ्याशी आले. वुस्टरकडे सिक्सवेजचं मैदान होतं. लंडन आयरिश ब्रेंटफर्डच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये खेळत होते आणि २०२२-२३ ला पाचवे आले. ईलिंगला दार लावल्यानंतरच्या एका हंगामात हे तिघंही लीगमधून बाहेर. निकषांची सगळी फूटपट्टी ज्यांना लागू होती ते बुडाले. ज्याला नापास केलं तो अजून खेळतोय. आता सांगा, फूटपट्टी काय मोजत होती?
आणि एका माणसाच्या पैशाचं म्हणाल तर बाथ, ब्रिस्टल, सारासेन्स हे क्लब कुणाच्या खिशावर चालत आले?

हिशेबनीस:
मान्य, फूटपट्टी अपुरी होती. पण अपुरी आहे म्हणून फेकून द्यायची नसते, तिच्याजवळ दुसरी ठेवायची असते: कर्ज किती, मालक निघून गेला तर क्लब किती महिने तग धरेल. हे तपासलं असतं तर वास्प्स आधीच पकडले गेले असते. ईलिंग मात्र तेव्हाही नापासच झाले असते, उलट जास्त गुणांनी.

गोल्डिंग्टनकर:
मी बेडफर्डला राहतो आणि याच लीगमधल्या आमच्या बेडफर्ड ब्लूजचे सामने बघतो. तुमच्या भांडणात आमच्यासारख्यांचा कुणाला पत्ताच नाही, म्हणून लिहितो. त्या ११ क्लबांत अँप्टहिल आहे, एका लहानशा गावाचा. हार्टपुरी म्हणजे शेतकी कॉलेजातून उभा राहिलेला क्लब. कॉर्निश पायरेट्स पेन्झन्सचे. तिथून डॉनकास्टर सहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बसमध्ये अख्खा दिवस. यातल्या बहुतेकांना वर जायचंच नाही. आमच्याकडे स्टँडमागे उभं राहिलं की राखीव खेळाडूंच्या गप्पा ऐकू येतात. सामना संपला की तेच खेळाडू बारमध्ये तुमच्या शेजारी. हे मला १०,००१ जणांत मिळणार नाही.
खरा घाव वेगळाच होता. २०२० मध्ये युनियनने या लीगचं अनुदान जवळजवळ निम्म्यावर आणलं. वर जायचा रस्ता बंद आणि पायाखालची फळीही काढलेली. त्याचं पुढे काय झालं तर जर्सी रेड्स, याच लीगचे २०२२-२३ चे विजेते, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला चषक सामन्यात बाथला हरवतात आणि त्याच सप्टेंबरात पैसे संपले म्हणून बंद पडतात. विजेते क्लब, राव! ते बंद पडले ते काही मैदान नव्हतं म्हणून नाही.

हिशेबनीस:
जर्सीबद्दल शंभर टक्के बरोबर. मात्र ‘बहुतेकांना वर जायचंच नाही’ हा माझ्या बाजूचा मुद्दा आहे, टचलाइन यांच्या नाही. :)

मागची_रांग:
रिचमंडचं नाव कुणीच कसं काढलं नाही? नव्वदीत त्यांनी पैशाच्या जोरावर उडी मारली, रेडिंगच्या मोठ्या स्टेडियमात गेले, १९९९ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात. मग अगदी तळाच्या लीगपासून पुन्हा सुरुवात करून २०२१-२२ ला याच चॅम्पियनशिपमध्ये खेळत होते, आपल्या जुन्या मैदानावर, नोकऱ्या सांभाळणाऱ्या खेळाडूंना घेऊन. माझ्या मते त्या हंगामाची खरी गोष्ट ही. ईलिंगचं रडगाणं पुरे.
आणि त्याच वसंतात चॅम्पियनशिपच्या खालच्या नॅशनल लीग वनमधून काल्डी वर आले. विरल द्वीपकल्पातला छोटा क्लब. त्यांना कुणी खुर्च्या मोजायला लावल्या नाहीत. शिडी खाली चालते, फक्त शेवटची पायरी करवतीने कापलेली आहे.

टचलाइन:
हेच तर मी म्हणतोय! ती करवत कुणाच्या हातात होती? निकष ठरवताना प्रीमियरशिपवाल्यांचाही शब्द चालतो. वर चौदावा आला की त्यांच्या वाट्यात वाटेकरी वाढतो. आधीच पानात बसलेल्यांनी पंगत किती लांब ते ठरवायचं, असा कारभार.
एक्झिटर आठवा. २०१० मध्ये ब्रिस्टलला हरवून वर आले, २०१७ ला विजेते, २०२० ला इंग्लंडचे आणि युरोपचेही. शिडी कापलेली असती तर हे झालं असतं का?

हिशेबनीस:
एक्झिटर तुम्ही काढलंत हे बरं झालं. त्यांचं मैदान सँडी पार्क २००६ ला बांधलं, वर गेले २०१० ला. आधी मैदान, मग बढती, आणि त्याच मैदानावर परिषदा-मेजवान्यांचा धंदा करून क्लब चालवला. हा माझा साक्षीदार आहे.

टचलाइन:
क्रमाबद्दल हरलो, कबूल. आधी मैदान. पण सँडी पार्क बांधताना एक्झिटरला ठाऊक होतं की जिंकलं तर दार उघडेल. दार उघडेल याची खात्री नसेल तर वेस्ट ईलिंगमध्ये १०,००१ खुर्च्यांसाठी कर्ज कोण काढेल? तुम्ही काढाल?

हिशेबनीस:
मी नाही काढणार. आणि काढायचा सल्लाही देणार नाही. वास्प्सने काढलं होतं.

गोल्डिंग्टनकर:
झालं, पुन्हा वास्प्स. शनिवारी तीन वाजता मी गोल्डिंग्टन रोडला, आमच्या ब्लूजच्या मैदानावर आहे. दोघंही या, उरलेलं तिथे बोलू. टोप्या आणा, वारा फार असतो.