सहीत चार बीआर टाकले तर बिघडलं काय?

गवाक्ष
घरबसल्या भाषांतराची कामं करतो. मेलखाली पाच ओळींची सही असते: नाव, काम, फोन, पत्ता, पिनकोड. एंटर मारत टाइप केली की प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते आणि सही पंगतीत मांडी घालून बसल्यासारखी ऐसपैस पसरते. स्पेस मारून काही सरळ करावं, तर एचटीएमएल (वेबपानं आणि असे मेल ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) दहा स्पेसची एकच करून टाकतं.

शेवटी आत शिरून परिच्छेद पाडणाऱ्या खुणा, म्हणजे पी टॅग, सगळे काढले. प्रत्येक ओळीअखेर बीआर (नुसती ओळ तोडणारी खूण) टाकला, मजकूर आणि सही यांच्यात चार टाकले. 'फोन' आणि 'पत्ता' यांच्यापुढचे दोन ठिपके एकाखाली एक यावेत म्हणून मध्ये चार-पाच एनबीएसपी (एकात एक न मिसळणाऱ्या, ओळ न तुटू देणाऱ्या स्पेस) कोंबले. सुबक दिसायला लागली.

परवा वेबसाइटी बनवणाऱ्या भाच्याने पाहिलं. म्हणाला, "मामा, बीआरने जागा सोडणं म्हणजे भिंतीचे पोपडे झाकायला कॅलेंडर लावणं. मार्जिन द्या." मार्जिन द्यायचं तर सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम लिहायची भाषा, आली. माझं म्हणणं, पाच ओळींसाठी ती कशाला? रुमाल शिवायला कोणी शिंप्याकडे जातं का? बोला.

अर्धाकंस
भाचा निम्मा बरोबर. पत्त्याच्या ओळी बीआरने तोडणं अजिबात चूक नाही. एचटीएमएलच्या प्रमाणातच लिहिलंय की बीआर अशा ठिकाणी वापरा जिथे ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग आहे, आणि उदाहरणं दिलीत ती कवितेची आणि पत्त्याची. ते चार बीआर मात्र मजकुराचा भाग नाहीत. ती नुसती मोकळी जागा, आणि मोकळी जागा हे मार्जिनचं काम.

खरी चूक एनबीएसपीची. तुमच्या फाँटमधे पाच स्पेसची जी रुंदी आहे ती माझ्या फाँटमधे नाही, त्यामुळे तुमचे ठिपके माझ्याकडे वाकडेच दिसणार. वर एनबीएसपीपाशी ब्राउझर ओळ तोडू शकत नाही. फोनच्या अरुंद पडद्यावर सगळा गठ्ठाच्या गठ्ठा खाली घसरतो. तो जन्मलाय 'डॉ.' आणि आडनाव एका ओळीत धरायला, पिनकोडचे तीन-तीन आकडे एकत्र ठेवायला. त्याला हमाल करू नका.

(बहुतेक एडिटरांत एंटरऐवजी शिफ्ट-एंटर दाबलं की बीआरच पडतो. एवढं आत शिरायची गरज नव्हती.)

खडूफळा
अर्धाकंस, हे ब्राउझरपुरतं ठीक. मेल ब्राउझरच्या नियमाने चालत नाही. २००७ सालापासून विंडोजवरचं जुनं, म्हणजे क्लासिक, आऊटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय, त्यामुळे वेबवर सर्रास चालणाऱ्या सीएसएसपैकी बरंचसं तिथे पोचतच नाही. म्हणून तर मेलची टेम्प्लेटं करणारे लोक अजून टेबलात टेबल घालत बसतात. आणि समोरच्याने साधा मजकूर म्हणून मेल उघडला तर तुमचं वीस पिक्सेलचं मार्जिन कुठे जाणार? बीआर तिथेही नव्या ओळीच्या रूपाने जिवंत राहतो. गवाक्ष, ठेवा तुमचे बीआर.

अर्धाकंस
मग तुमच्याच न्यायाने 'फोन' आणि 'पत्ता' टेबलात घालू द्या की! डावीकडे नाव, उजवीकडे मजकूर, दोन रकाने. हा तर खराखुरा तक्ता आहे. एनबीएसपीची भीक मागायला नको.

कानोसा
मी मेल कानाने वाचतो. बाणाच्या कळीने एकेक ओळ खाली येताना रिकाम्या ओळीवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) 'ब्लँक' म्हणतो. गवाक्ष यांच्या चार बीआरमधून तीन रिकाम्या ओळी तयार होतात. म्हणजे 'कळावे' झालं, मग ब्लँक, ब्लँक, ब्लँक, आणि मग नाव. मेल संपला समजून दोनदा तरी मी असाच लोकांचा फोन नंबर न ऐकता बाहेर पडलोय. तुमचा वाद दिसण्यावर चाललाय, म्हणून सांगितलं.

जुनाखांब
युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, हा प्रश्नच नव्हता. दोन आडव्या रेघा, एक स्पेस, मग नवी ओळ, आणि खाली सही. चार ओळींच्या वर जायचं नाही. १९९५ च्या आरएफसी १८५५ या शिष्टाचाराच्या टिपणातही चार ओळींचीच शिफारस आहे. गंमत त्या स्पेसची. ती दिसत नाही, पण ती विसरलात तर प्रोग्रॅम खालच्या मजकुराला सही मानत नसे. चार एनबीएसपीपेक्षा ती एक स्पेस जास्त काम करायची.

आणि मर्यादा आखायची रीत त्याहून जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रात मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब उठवत, पुढे कोणी पदरचं घुसडू नये म्हणून. शिक्कामोर्तबातली मोर्तब ती हीच. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि अक्षरं सलग टांगायची, दोन शब्दांमध्येही जागा नाही. कारभार अडला का?

खडूफळा
नाही अडला. पण ती दफ्तरं वाचायला आज वर्ग लावावे लागतात, आजोबा.

उकारवेलांटी
सगळे आडव्या-उभ्या जागेवर भांडताय, देवनागरीचं कोणी बोलतच नाही. इंग्रजी साच्यातून उचललेल्या सहीत ओळीची उंची बरेचदा इतकी घट्ट असते की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. त्यावर बीआर चालत नाही. एकाने सगळं चिकटतं, दोनांनी दरी पडते. लाइन-हाइट दीड द्या. हे एक काम तरी सीएसएसशिवाय होत नाही, गवाक्ष, रुमाल असो की धोतर.

गवाक्ष
एनबीएसपी काढले, एक पिनकोडात ठेवला. टेबल केलं नाही, ठिपके वाकडे राहू देत. लाइन-हाइट दीड केली, 'सुतार' आणि 'मंगळवार' आता एकमेकांपासून सुटले. ओळींचे बीआर तसेच आहेत, तिथे हटणार नाही. सहीवरच्या चारांचे दोन केले. कानोसा, तुम्हाला मेल टाकलाय, ऐकून सांगाल?

कानोसा
ऐकला. ब्लँक एकदाच आलं. ते असू दे, तिथे दम घेता येतो.