डीटीपीचं काम विंडोजवरून लिनक्सवर न्यायचं आहे, मराठी फाँटचं काय करू?

नमस्कार मंडळी,

वडशाला (देसाईगंज, जि. गडचिरोली) माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडून द्यायचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे फ्लेक्स हे बारा महिने चालू असतं, पण घर चालतं ते झाडीपट्टी नाटकांच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या) पोस्टरवर. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया (जत्रा) सुरू झाल्या की होळीपर्यंत दम खायला वेळ नसतो. पोस्टर येतं तेच "उद्या सकाळी पाहिजे" म्हणून. त्यामुळे काय बदल करायचा तो आत्ताच, रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत दुकान शांत आहे तोवर.

मशीन २०१६ ची आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मागून बसवलेली एसएसडी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे माझी मशीन बाद. पण ती अजून ठणठणीत आहे, आणि नवीन घ्यायची तर धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहावी लागेल. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागतात, नेट चालू असतं, म्हणून अपडेट नसलेल्या विंडोजवर बसायची भीती वाटते.

मागच्या आठवड्यात पेनड्राइव्हवरूनच लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) चालवून पाहिलं. मनापासून आवडलं. वायफाय लगेच लागलं, मशीन हलकी झाली. गाडी अडली ती मराठीपाशी.

माझ्याकडे पेजमेकर आणि कोरल या मांडणीच्या प्रोग्रॅममधल्या पंधरा वर्षांच्या फाइली आहेत, सगळ्या जुन्या, युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमधल्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फाँट काढला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाँटची फाइल लिनक्समध्ये टाकली तर अक्षरं दिसली, पण टाइप करणारा प्रोग्रॅम विंडोजचाच, त्याचं डोंगलही (प्रोग्रॅम चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) विंडोजचंच. हाताला रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्ड मांडणीची) सवय, ती आता सुटणार नाही.

मग युनिकोडमध्ये एक पोस्टर करून पाहिलं. शेजारी एका नाटक मंडळाचे व्यवस्थापक बसले होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "भाऊ, हा ल आपला नाही." खरंच हिंदीचा ल आला होता, उजवीकडे पूर्ण काना असलेला. आपल्या ल ला मधून दांडी आणि दोन्हीकडे पाकळ्या. ७२ पॉइंटच्या नावात ते लांबूनही खटकतं, आणि नाटकाचं नाव चुकीच्या वळणाचं छापून मी देऊ शकत नाही.

मला कळायचं आहे ते असं: रेमिंग्टन लिनक्समध्ये मिळेल का? जुन्या फाइलींचं काय करायचं? आणि नागपूरच्या छापखान्याला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफ लागते, ती कशातून काढू? कुणी रोजच्या धंद्यात लिनक्स वापरत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

भाऊ, मी ब्रह्मपुरीला आहे, चार वर्षं पत्रिकांचं काम लिनक्सवरच करतो. आधी एक विनंती, विंडोज पुसू नका. एसएसडीवर दोन्ही ठेवा, मशीन सुरू करताना निवडायचं. विंडोजला नेट देऊ नका, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लिनक्समध्येच लावा.

रेमिंग्टन मिळतं. आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज टाका, त्यात मराठीचे बरेच कीबोर्ड आहेत. जोडाक्षरांना पहिला आठवडा हात अडखळतो.

जुन्या फाइली आत्ता, विंडोज चालू आहे तोवर, बसून पीडीएफ करून घ्या. ही पीडीएफ इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांचे आकार करून उघडता येते, मग फाँट नसला तरी बिघडत नाही. फक्त मजकूर बदलता येत नाही. लिब्रेऑफिस या ऑफिसच्या प्रोग्रॅममधला ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतो, पण मांडणी हलते, त्यावर विसंबू नका.

ल साठी लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी नाही, मराठी ठेवा. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, भाषा पाहून योग्य ते येतं. तरी नाही आलं तर मुळातच मराठी वळणाचा फाँट घ्या. श सुद्धा तपासा, तोही असाच फसवतो.

सीएमवायके पीडीएफसाठी स्क्रायबस हा पानं मांडायचा प्रोग्रॅम. इंकस्केपमध्ये चित्र करा, पण छापायला शेवटी स्क्रायबसमधूनच काढा. आणि पहिली फाइल हंगामाआधी छापखान्यात एकदा छापून बघा.

धागाकर्ता

भाऊ, खूप आभार. आजच रात्री पीडीएफ करायला बसतो, २०११ च्या फोल्डरपासून. तुमच्याकडे मराठी वळणाचे जाड, पोस्टरला चालतील असे युनिकोड फाँट कोणते आहेत, तेवढं सांगाल का?