साडेचार महिन्यांचं बाळ, मे महिना, पुणे ते सावंतवाडी गाडीने: कसं जमवावं?

रातराणी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडहून सावंतवाडीला जायचं आहे. निपाणी-आजरा-आंबोली असा रस्ता, साधारण पावणेचारशे किलोमीटर. बाळ तेव्हा साडेचार महिन्यांचं असेल, वजन ६.२ किलो, पूर्ण दिवसांचं, १४ आठवड्यांची लस झालेली. अंगावर पितं, शिवाय दिवसातून एक-दोन वेळा डब्याचं दूध. गाडी २०२२ ची हॅचबॅक. नवरा चालवणार, मागे मी आणि सासूबाई. एरवी आठ तासांत पोचतो.

विचारायचं हे: एका दिवसात करावं का? किती वेळाने थांबावं? वरचं दूध वाटेत कसं करायचं? आंबोली घाटात उलट्या, कानाला दडे यांचं काय? आणि कार सीट घ्यायचीच का? सासूबाई म्हणतात, माझ्या मांडीइतकं सुरक्षित काही नाही, दुपट्यात घट्ट गुंडाळून धरते. त्यांना न दुखावता सांगता येईल असं उत्तर हवं आहे.

गाडीवान

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. सीट घ्यायचीच. सासूबाईंना हिशेब सांगा. गाडी ताशी ५० च्या वेगात धडकून साधारण ६० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सोळा पट जोर येतो. ६.२ किलोचं बाळ धरून ठेवायचं म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं शंभर किलो पेलायचं. ते पहिलवानालाही जमत नाही, मग प्रेम कितीही असो. शिवाय धरणाऱ्याने बेल्ट लावला नसेल तर त्याचं सगळं वजन बाळावर येतं. स्वतःच्या बेल्टच्या आत बाळ घेणं याहून वाईट. छातीला बांधायची झोळी किंवा गाडीत टांगायचा पाळणा हासुद्धा सीटचा पर्याय नाही. कायद्याचंच बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १००० रुपये दंड आहे, पण दंड हा इथे गौण मुद्दा.

कोणती घ्यावी: या वयाला मागच्या काचेकडे तोंड करून बसणारी. कडी असलेला इन्फंट कॅरिअर (१३ किलोपर्यंतचा) पुरे. किंवा जन्मापासून चालणारी कन्व्हर्टिबल (आधी मागे, नंतर पुढे तोंड करून बसवता येणारी) घ्या, ती पुढे काही वर्षं उपयोगी पडते, पण लहान गाडीत जागा जास्त खाते. सीटवर आर ४४/०४ किंवा आर १२९ (आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं) असं लेबल आणि वर्तुळातलं ई अक्षर असतं. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. यातलं काहीच नसेल तर ती नुसती खुर्ची. ओळखीतली जुनी मिळत असेल तर तिचा अपघात झालेला नाही याची खात्री आणि माहितीपुस्तिका, दोन्ही हवं. प्लास्टिकवर मुदत छापलेली असेल तीही बघा.

जागा: मागे डावीकडे. रस्त्याच्या कडेला थांबल्यावर बाळ वाहतुकीच्या बाजूने काढावं लागत नाही. पुढच्या सीटवर अजिबात नाही. तुमच्या गाडीला पुढे डावीकडे एअरबॅग आहे, आणि ती उघडली की मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

बसवताना लोक इथे चुकतात: कॅरिअर बेल्टने बांधायचा असेल तर कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांतून बाळाच्या पायांवरून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरतो. बहुतेक जण दोन्ही पट्टे पुढूनच घेतात. बेल्ट लावल्यावर एका हाताने सीट खाली दाबा, दुसऱ्या हाताने खांद्याचा पट्टा ओढून ढील काढा. मग बेल्ट जातो तिथे धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकत असेल तर पुन्हा. कॅरिअरची कडी प्रवासात उभी ठेवायची की मागे पाडायची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पुस्तिकेत बघा. आयसोफिक्सचा बेस (गाडीच्या बैठकीतल्या लोखंडी कड्यांना अडकणारी बैठक, तिच्यावर कॅरिअर बसतो) घेतलात तर त्याचा आधाराचा पाय पायपुसण्यावर टेकवू नका. पायपुसणं काढा, पाय थेट तळावर. तळात झाकणाचा कप्पा असेल तर तिथे तो चालत नाही.

उतार सगळ्यात महत्त्वाचा. सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बाण असतो, तो जमिनीला समांतर हवा. गाडी सपाट जागी उभी करून तपासा, सोसायटीच्या उतारावर नाही. सीट फार उभी राहिली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत. बऱ्याच हॅचबॅकची मागची बैठक मागे कलती असते, त्यामुळे हे होतं. पुस्तिकेत परवानगी असेल तरच खाली टॉवेलची गुंडाळी घाला.

हार्नेसचे, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधायचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघावेत. खांद्यावर पट्टा चिमटीत धरून बघा, चुणी पकडता आली तर सैल आहे. दुपटं, स्वेटर, जाड टोपी हे सगळं पट्टे लावण्याआधी काढायचं. गुंडाळलेलं बाळ बांधलं तर धक्क्यात कापड दबतं आणि बाळ पट्ट्यातून निसटतं. पांघरूण हवंच असेल तर पट्ट्यांच्या वरून.

दुपटं

गाडीवान यांना अनुमोदन. मी नवजात विभागात काम करते, म्हणून दूध आणि वेळापत्रकाबद्दल.

सलग दोन तासांपेक्षा जास्त बाळ सीटमध्ये नको. तेही कमाल, या वयाला दर दीड तासाने थांबायचं ठरवा. थांबणं म्हणजे चहा पिताना बाळ सीटमध्येच ठेवणं नव्हे. बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं सपाट आडवं किंवा अंगावर. झोपलेलं असलं तरी काढायचं. लोकांना हे जिवावर येतं, पण अर्धबसत्या स्थितीत मान पुढे पडण्याचा धोका झोपेतच जास्त. म्हणूनच मागे शेजारी जागी व्यक्ती हवी, आणि ही कामगिरी सासूबाईंना द्या. मांडी नाही, पण नजर त्यांची.

हा हिशेब मांडलात तर आठ तासांचे अकरा ते बारा होतात. माझ्या मते एका दिवसात करू नका. कोल्हापूरला रात्र काढा.

चालत्या गाडीत पाजायचं नाही, ना अंगावर ना बाटली. अंगावर घ्यायला पट्टे सोडावे लागतात, आणि बाटली सीटमध्ये देताना धक्का बसला तर ठसका लागतो. गाडी थांबवून पाजा, ढेकर काढा, वीस मिनिटं उभं धरा, मगच सीटमध्ये. भरल्या पोटावर पट्टे आवळले की दूध वर येतं. ते ‘गाडी लागणं’ नसतं, गाडी दोन वर्षांखाली क्वचितच लागते. पाजायला जागा म्हणून मोठ्या एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष असतात, पण ते महामार्ग सोडून गावात. रोजचा उपाय म्हणजे मागची सीट, खिडक्यांना जाळीचे पडदे आणि एसी चालू.

वरचं दूध आधी बनवून नेऊ नका. मे महिन्यात तयार बाटली गाडीत नासायला वेळ लागत नाही. पावडर मोजून, कोरड्या निर्जंतुक डब्यांत एकेका वेळेची वेगवेगळी ठेवा. पाणी खळखळ उकळून थर्मासमध्ये काठोकाठ भरा, थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या. अर्धा भरलेला लवकर निवतो. दूध करताना पाणी किमान ७० अंश हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तेवढ्या उष्णतेनेच त्यातले जंतू मरतात. आधी पाणी, मग डब्यावर लिहिलेले चमचे सपाट करून. पुरावी म्हणून पातळ करायची नाही. झाकण लावून बाटली गार पाण्याच्या मोठ्या मगमध्ये पाच-सात मिनिटं धरा, मनगटावर थेंब टाकून बघा. हा मग न्यायला सगळे विसरतात. बनवल्यापासून दोन तासांत संपवा, आणि तोंड लावलेली बाटली तासाभराने फेकून द्या. हॉटेलात थर्मास पुन्हा भरताना समोर उकळी आलेली बघा. चहाच्या भांड्यातलं कोमट पाणी नको.

काढलेलं अंगावरचं दूध बर्फाच्या पॅकसह थंड पेटीत २४ तास चालतं. बाहेर चार तास म्हणतात, पण ते २५ अंशांच्या खोलीत. कराडच्या मे महिन्यात नाही.

पाणी, ग्राइप वॉटर, गुटी, मध यातलं काही नको. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही दुधातूनच पाणी मिळतं, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवा. आणि तुम्ही स्वतः पाणी पीत राहा. स्वच्छतागृह टाळायला आया पाणी तोडतात, ते चुकीचं.

आजगावचा

रस्त्याचं बोलू. दुपटंताईंचं बरोबर, कोल्हापूर मुक्काम करा. फक्त कारण वेगळं: मे महिन्यात आजरा-आंबोली पट्ट्यात दुपारनंतर वळीव कोसळतो. गारा, पडलेल्या फांद्या, घाटात शून्य दिसणं. घाट सकाळी उतरायचा.

पहिला दिवस: पहाटे साडेचार-पाचला निघा. खेड शिवापूर आणि खंबाटकी ट्रक वाढायच्या आत मागे पडतात. पहिला थांबा साताऱ्याच्या अलीकडे, दुसरा कराडजवळ, मग कोल्हापूर. अकराच्या आत खोलीत असाल, म्हणजे बाळाला भर दुपारचं ऊन लागतच नाही. रुंदीकरणाची वळणं लागतात तिथे तासभर सहज जातो, त्यामुळे थांबा किलोमीटरवर नाही, घड्याळावर ठरवा.

दुसरा दिवस: सहाला निघा. निपाणीला महामार्ग सोडला की रस्ता अरुंद आणि वळणांचा. आजऱ्याला एक थांबा. मग आंबोली गावात, घाट सुरू व्हायच्या आधी, अर्धा तास. इथे पाजा, उभं धरा, डायपर बदला. धबधब्यापाशी थांबून हे करू नका, माकडं उघड्या दारातून पिशवी नेतात.

आंबोली साधारण ६९० मीटरवर, पायथ्याला दाणोली. उतरताना कानात दाब येतो. चोखणी घेत असेल तर द्या, चोखल्याने आणि गिळल्याने कान मोकळे होतात. नसेल घेत तर रडू द्या, रडण्यानेही मोकळे होतात. कानात तेल-कापूस काही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक कमी, वळणाआधी वेग तोडून. बाळाला त्रास वळणाने कमी, वळणात मारलेल्या ब्रेकने जास्त होतो.

रात्रभर चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाळ झोपतं, पण चार महिने झोप न झालेला बापही झोपतो.

रातराणी

सगळ्यांचे आभार. मुक्काम ठरला. चुलत नणंदेकडून कॅरिअर मिळाला, पुस्तिकेसकट, अपघात नाही. पण मागचा बेल्ट कॅरिअरच्या पाठीमागून फिरवताना चार बोटं कमी पडतोय. एक्स्टेंशन क्लिप मिळते ऑनलाइन, ती लावू का? आणि एसीवरून वाद आहे, सासूबाईंना टोपी-मोजे हवेत. ओळखीतल्या एकीने सर्दीचं सिरप दोन थेंब द्या, शांत झोपेल, असंही सांगितलं आहे.

गाडीवान

क्लिप नको. लांबवलेला बेल्ट आणि जोडलेलं बकल कॅरिअरच्या कडेवर येतं, धक्क्यात तिथेच तुटू शकतं. आधी तोच कॅरिअर उजवीकडे बसवून बघा, कधीकधी दोन बाजूंच्या बकलची उंची वेगळी असते. पुढची सीट सरकवून कॅरिअर बैठकीत पूर्ण मागे दाबला गेलाय का तेही पाहा. तरी कमी पडला तर हा कॅरिअर तुमच्या गाडीचा नाही. बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात हात घाला. लोखंडी कडी लागली तर आयसोफिक्स आहे, मग याच कॅरिअरचा बेस मिळतो का बघा. मधल्या जागेचा नुसता कमरेचा पट्टा असेल तर तो अशा कॅरिअरला चालत नाही.

दुपटं

सिरप अजिबात नाही. सर्दीच्या सिरपमध्ये असणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असा औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे. गुंगीतल्या बाळाची मान पडली तर ते जागं होऊन हलतही नाही. पिशवीत पॅरासिटामॉल असू द्या, पण डोस तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, थेंबांच्या एका मिलीत सहसा १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा २५०. बाटली बदलली की मिली बदलतात.

एसी २५-२६ वर, झोत छताकडे. मागे तोंड केलेल्या सीटच्या कवचात हवा पोचत नाही, पाठ घामेजते. म्हणून अंगात एकच सुती झबलं. थंडी वाजते का हे हातपाय बघून ठरवू नका, मानेमागे बोट लावा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. टोपी गाडीत नको, डोक्यातून बरीच उष्णता बाहेर पडते. हवा आतल्या आत फिरवणारं बटण अधूनमधून बंद करा.

आजगावचा

गाडी उन्हात उभी केलीत तर बसवण्याआधी बकलच्या धातूला हात लावून बघा, मांडीला चटका बसतो. उतरताना सीटवर पांढरा पंचा टाकून जा. बाळाला ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणूनही बंद गाडीत ठेवू नका, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं.

डायपर दर दोन तासांना एक या हिशेबाने, वर चार. तेवढीच झबली. एक जोडी कपडे तुमच्यासाठीही, उलटी बाळाच्या अंगावर कमी आणि आईच्या अंगावर जास्त होते. हे सगळं डिकीत तळाशी नाही, सासूबाईंच्या पायाशी. महामार्गावर अडलात तर १०३३, रुग्णवाहिका १०८. निपाणी-आजरा पट्ट्यात मध्येच कर्नाटक लागतं, तिथून फोन करताना गाव आणि राज्य दोन्ही सांगा.