एक्सरेत 5 डिग्री वॅरस (गुडघा बाहेर वाकणं) आन् गेट (चालण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टात 17, खरं कोणतं धरायचं?

लातूर_फिजिओ: पन्नाशीतल्या काकू आहेत, पाय फेंगडे, गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय. उभं करून काढलेल्या लांब एक्सरेत 5 डिग्री वॅरस, आन् पुण्याहून गेट ॲनालिसिस करून आणलं तर त्यात 17 लिहिलंय. घरचे विचारायलेत पाय एवढ्यात एवढा वाकडा कामून झाला, काय सांगावं?

गेटवाला_संभाजीनगर: पाय तेवढाच आहे, घाबरवू नका त्यांना. 17 ग्राफात कुठं आलंय? स्विंगमध्ये (पाय हवेत पुढं येताना) असंल तर शंभर टक्के क्रॉसटॉक, म्हणजे गुडघा वाकण्याचा आकडा वॅरसमध्ये मिसळतो. सॉफ्टवेअरला गुडघ्याचा अक्ष (ज्या रेघेभोवती गुडघा वाकतो ती) आपणच सांगतो, मांडीचा मार्कर (कॅमेऱ्याला दिसणारी खूण) लावून नाहीतर गुडघ्याच्या दोन्ही बाजूच्या हाडांवर हात फिरवून अंदाजानं, आन् मांडी जाड असली की ती हाडं सापडत नाहीत बघा. अक्ष 10 डिग्री फिरला की गुडघा 60 डिग्री वाकल्यावर त्यातले 8-9 डिग्री वॅरस नाहीतर वॅल्गस (उलट, गुडघा आत) म्हणून दिसतात, खोटेच. ओळखायची खूण म्हणजे वॅरसची रेघ फ्लेक्शनच्या (गुडघा वाकण्याच्या) रेघेच्या मागंमागं वर जाते आन् मागंमागं खाली येते. त्याच पायाचं हिप रोटेशन (खुब्यात मांडी आत-बाहेर वळणं) पण बघा, तेही एका बाजूला सरकलेलं असतंय.

लातूर_फिजिओ: हो राव, स्विंगमध्येच आहे, मिडस्टान्सला (सगळा भार त्या पायावर असताना) 6 च्या आसपास. हिपचा ग्राफ पण सरकलाय.

परभणी_ऑर्थो: मग 6 धरा. गुडघा जवळपास सरळ असताना क्रॉसटॉक नगण्य असतो. पण एक्सरेवर पण डोळे झाकून विश्वास नको, पटेला (गुडघ्याची वाटी) समोर होती का बघा, पाय बाहेर वळवून गुडघा थोडा वाकवून उभं केलं तरी आकडा बदलतो. आन् आमचा आकडा खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतच्या रेघेवर असतो. नुसत्या गुडघ्याच्या छोट्या फिल्मवर हाडाच्या दांड्याला पट्टी लावून मोजला तर सरळ पाय पण 5-6 डिग्री वॅल्गस दिसतो. लोकं हे दोन आकडे सर्रास एकमेकांना लावतात, मग भांडणं.

गेटवाला_संभाजीनगर: ऑपरेशनचा कोन गेट रिपोर्टवरून ठरवू नका कुणी. गेटचं काम वेगळं, पाय टेकल्या टेकल्या गुडघा बाहेर झटका मारतो का आन् ॲडक्शन मोमेंट (गुडघा बाहेर वाकवणारा जोर) किती येतोय ते एक्सरेत दिसत नाही. लॅबला स्टॅटिक ट्रायलची (स्थिर उभं करून घेतलेल्या नोंदीची) फाइल मागा, अक्ष दुरुस्त करून तोच डेटा परत चालवता येतोय, काकूंना परत पुण्याला न्यायची गरज नाही.

लातूर_फिजिओ: मेल टाकतो आजच. झटका आहे, मोबाइलच्या व्हिडिओत पण दिसायलाय समोरून.