ओढ्याचं पुनरुज्जीवन झालं, पण यश मोजायचं कशावरून?

प्रश्न – ओढाकाठ (कवठेमहांकाळ)
अग्रणी नदीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्याचं खोलीकरण होऊन दोन पावसाळे गेले. पाच सिमेंट बंधारे झाले, काठाने करंज लावले. अहवालात किती किलोमीटर काम झालं, किती गाळ काढला, एवढंच आहे. सोबत ऑक्टोबरातले तुडुंब पाण्याचे फोटो. ग्रामसभेत आकड्यांत उत्तर द्यायचंय. कामाआधीच्या नोंदी कुणी ठेवलेल्या नाहीत. काय मोजावं, कधी मोजावं?

उत्तर – भूजलमित्र
ऑक्टोबरात कुठलाही ओढा भरलेला दिसतो. खरी परीक्षा मार्च ते मे.

ओढ्यापासून साधारण १००, ३०० आणि ६०० मीटरवरच्या, दोन्ही काठांच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडा. कठड्यावर रंगाने खूण करा आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. मोटर किमान १२ तास बंद हवी, म्हणजे पहाटेच मोजा. नाहीतर उपसा मोजला जातो, भूजल नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर पातळ्या घेते. तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या निरीक्षण विहिरींशी ताळा जमेल आणि कामाआधीची आकडेवारीही तिथून मिळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: शेजारचा, काम न झालेला, तशाच मुरमाचा एक ओढा सोबत मोजा. पाऊस चांगला झाला की दोन्हीकडे पातळी चढते. तुमच्याकडे जेवढी जास्त चढेल, तेवढंच कामाचं श्रेय. पावसाचे आकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे घ्या.

हिशेब असा: समजा ६० हेक्टरवर १.५ मीटर जादा चढ मिळाला. आपल्या बेसॉल्टच्या झिजलेल्या थरात पाणी देण्याची क्षमता थराच्या घनफळाच्या १ ते ३ टक्के. २ टक्के धरली तर १८,००० घनमीटर, म्हणजे १८ टीसीएम (हजार घनमीटर). एक हेक्टर पाटपाण्याच्या उसाला वर्षाला, पावसासह, २०,००० घनमीटरच्या वर लागतं. म्हणजे हे सगळं जादा पाणी हेक्टरभर उसातच संपू शकतं. म्हणून काठावरची बागायत किती एकरांनी वाढली ते जरूर लिहा. पातळी जैसे थे आणि ऊस दुप्पट, असं असेल तर पाणी वाढलंय, पण ते पिकात गेलंय.

उत्तर – नालाबांध (तासगाव)
वाहतं पाणीही मोजा. अरुंद जागी ९० अंशांची व्ही-खाच कापलेला लोखंडी पत्रा आडवा बसवा, खालून-बाजूने चिकणमाती ठासा. खाचेतून पाणी मोकळं पडलं पाहिजे. पट्टी खाचेच्या वरच्या अंगाला तीन-चार फुटांवर रोवा. अगदी खाचेतच मोजलं तर पाणी उतरलेलं असतं आणि आकडा कमी येतो. खाचेच्या तळटोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० ला साधारण साडेचार लिटर. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला वाचा आणि धार कुठल्या तारखेला तुटली ते लिहून ठेवा. ही एक तारीख ग्रामसभेला लगेच कळते.

दोन्ही काठांवर दगडी खुणा करून दर २०० मीटरला डंपी लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) आडवा छेद घ्या, जूनआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. काठ उभा कापला असेल तर तो ढासळतो आणि बंधाऱ्यामागे गाळ येऊन बसतो. दोन वर्षांत निम्मी साठवण गाळाने भरली, तर काठ ढासळतोय किंवा वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती नाही. मुरूम संपून काळा पाषाण उघडा पडला असेल तर तिथे पाणी दिसेल, पण मुरणार नाही.

ओढाकाठ
मधूनच टेंभू-म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांचं पाणी सोडतात. ते वेगळं कसं काढू?

भूजलमित्र
आवर्तनाच्या तारखा शाखा कार्यालयातून घ्या. त्या दिवसांतल्या आणि नंतरच्या तीन-चार आठवड्यांतल्या नोंदी वेगळ्या रंगात लिहा, सरासरीत धरू नका. हातातल्या मीटरने टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) पाहा: कृष्णेचं पाणी आपल्याकडच्या मचूळ विहिरींपेक्षा बरंच कमी क्षाराचं असतं, त्यामुळे विहिरीचा आकडा एकदम उतरला तर कालव्याचं पाणी शिरलंय.

ओढा जिवंत आहे का हेही पाहा. विरघळलेला प्राणवायू सूर्योदयाआधी मोजा. दुपारी शेवाळामुळे तो फुगतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गावाचं सांडपाणी कुठून येतं ते आधी शोधा. डबक्यातला एखादा दगड उलटा करा. खाली चतुराच्या अळ्या सापडल्या तर चांगलं. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर पाणी नासलंय. करंज मोजताना खड्डे धरू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडं धरा.