सावड, सावडणं आणि मित्राचं सुतक

धागाकर्ता:
मंडळी, दोन शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतायत, टाकतो इथं. आमच्या अकोले-संगमनेरकडं सावड म्हणजे दोन शेतकऱ्यांनी मिळून करायचं काम, तुझा एक बैल माझा एक बैल, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, पैशाचा विषयच नाही. आणि सावडणं म्हणजे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख-अस्थी गोळा करायला जातात ते. 'उद्या सकाळी सात वाजता सावडायला या' असा निरोप येतो.

आता झालं असं की माघात माझा मित्र गेला. लंगोटीयार म्हणतात तसला. १९७२ च्या दुष्काळात चारा नव्हता म्हणून दोघांच्या बापांनी एकेक बैल विकला आणि उरलेल्या एकेकावर सावड धरली, तीच पुढं आम्ही चालवली, नंतर बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी आम्ही म्हणायचो सावड आहे आमची, कांदे काढायला त्याच्या घरची माणसं माझ्याकडं न् माझी त्याच्याकडं. त्या दुष्काळातली सुकडीपण आम्ही एकाच जर्मनच्या ताटलीत खाल्लेली.

तर तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी राखेवर पाणी मारलं, आत अजून धग होती, भसकन वाफ आली, आणि मी वाकून वेचत होतो तेव्हा मागून एक म्हातारबा बोलले, "सावडीचाच गडी सावडायला आला, बरं झालं." हात थांबला माझा. तर प्रश्न एक, हे दोन शब्द एकच का? आणि दोन, घरच्यांना दहा दिवस सुतक, मला काय? मी ओढ्यावर अंघोळ केली न् मोकळा. दहा दिवस दाढी केली नाही तर बायको सोडून कोणाच्या लक्षातपण आलं नाही. मित्राच्या सुतकाला मराठीत शब्द आहे का?

प्रतिसाद:
कोल्हापूरकडून. वाचून वाईट वाटलं राव. आमच्याकडं ग्रुपवर 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता' असा मेसेज पडतो, सावडणं जुनी माणसं म्हणतात. आणि तुमची सावड म्हणजे आमचा पैरा. भांगलणीला बाया पैऱ्यानं जातात, आज हिच्यात उद्या तिच्यात, आणि पैरा फेडावाच लागतो, नाही फेडला तर गावात नाव निघतं.

आता एक गंमत सांगू का, हल्ली बरेच जण राख नदीत सोडत नाहीत, शेतातच खड्डा काढून वर आंब्याचं नाहीतर नारळाचं रोप लावतात. चांगलंच आहे, नदी घाण होत नाही. पण म्हणायचं मात्र विसर्जनच! अहो राख तुमच्याच बांधावर राहिली, रोज पाणी पाजायला तिथंच जाताय, कसलं विसर्जन? माझ्या एका दोस्ताचं असंच चिक्कूचं झाड आहे, मी तिकडनं गाडी लांबून काढतो.

प्रतिसाद:
शब्दापुरतं बोलतो. कानाला सारखे लागले म्हणून दोन शब्द सख्खे भाऊ होत नाहीत. सावडणं यात वेचून गोळा करणं आहे, सावड यात जोडीनं करणं आहे, त्या म्हातारबांनी दोन्ही एका वाक्यात आणले ही त्यांची करामत, त्यावरून व्युत्पत्ती बांधू नये.

सुतकाचं मात्र मजेशीर आहे. संस्कृत सूतक मुळात जन्माशी बांधलेला शब्द, प्रसूतीत जो 'सू' आहे तोच हा. मराठीत जन्माच्या विटाळाला सोयर शब्द पडला आणि सुतक मरणाच्या वाट्याला आलं. आणि हा सगळा हिशेब रक्ताचा. भाऊबंदांना दहा दिवस, लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं तीन दिवस, चुलत-चुलत भावाचं तोंड वीस वर्षं पाहिलं नसलं तरी त्याचं पूर्ण. मित्र या कोष्टकात बसतच नाही, म्हणून त्याला शब्द नाही. पण 'सोयरसुतक' बघा. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' असं आपण कायम नकारातच वापरतो, मला अमक्याचं सोयरसुतक आहे असं कोणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही. तुम्ही म्हणा. चूक नाही.

धागाकर्ता:
चूक नाही म्हणालात सर, बास झालं.

प्रतिसाद:
दादा, मी गावची नाही, कल्याणची, त्यामुळे सावड मला आज कळली. आमच्याकडे लेडीज डब्यात एक शब्द आहे, जागा धरणे. मी कल्याणला चढायचे, ती डोंबिवलीला. तेवीस वर्षं मी तिची जागा धरली, पर्स ठेवायची शेजारी आणि कोणी विचारलं की 'आहे, येतेय' म्हणायचं, त्यावरून भांडणं पण खाल्लीत मी. ती गेल्यानंतर महिनाभर मी ट्रेनच बदलली होती. मग परत आमच्या गाडीला गेले आणि बसल्या बसल्या पर्स शेजारी ठेवली गेली. हातानेच ठेवली, मी नाही. एक कॉलेजची मुलगी उभी होती, म्हणाली "आंटी, कोणी आहे का?" मी म्हटलं, "येतेय." डोंबिवली आलं, गेलं. ती मुलगी बघत उभीच, काय बोलणार बिचारी. दिवा स्टेशनच्या पुढे कधीतरी मी पर्स मांडीवर घेतली. ती बसली आणि लगेच झोपली, डोकं माझ्या खांद्यावर.

सगळे मला 'आता सोड' म्हणायचे तेव्हा डोकं फिरायचं. सोडायचं काय, धूम्रपान आहे का ते? पण जागा सोडली तेव्हा त्या शब्दाचा राग कमी झाला, कारण मराठीत आपण माणसाला स्टेशनवर पण सोडतोच की. सोडायला जातो म्हणजे सोबत जातो, गाडी हलेपर्यंत थांबतो.

अजून एक, तिच्या घरी दारावर गेले तर तिच्या नणंदेनं विचारलं, तुम्ही कोण? काय सांगणार, डब्यातली?

प्रतिसाद:
ताई, डब्यातली हे पुरेसं आहे.
दुखवटा शब्द राहिला. हा सरकारनं पळवलाय असं माझं मत. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा, झेंडा अर्ध्यावर, हे सगळ्यांना माहीत. पण गावाकडं दुखवटा ही हातात धरायची वस्तू होती, पाहुणे टॉवेल-टोपी, साडी घेऊन यायचे, घरच्यांना जेवायला घालायचे, दुखवटा काढला म्हणायचे. म्हणजे दुःख काढायला दुसरं माणूस लागतं, स्वतःचं स्वतः निघत नाही. सरकारला दोन दिवस, घरच्यांना दहा, मित्राला कोणी मुदतच देत नाही, मग त्याचं संपणार कसं? धागाकर्ते, तुमचा दुखवटा कोणी काढला का?

प्रतिसाद:
अवांतर: आमच्याकडं दोघांच्या बैलांना वारंगुळा म्हणतात. आणि इर्जिक वेगळी बरं का, तिच्यात सगळ्या गावचे नांगर एका रानात येतात आणि मालक जेवण देतो. घोळ करू नका.

धागाकर्ता:
वारंगुळा ऐकलाय, नगरच्या खालच्या अंगाला म्हणतात.
दुखवट्याचं विचारलंत म्हणून सांगतो, टोपी वगैरे कोणी आणली नाही आणि आणली असती तर मीच लाजलो असतो. पण काल त्याच्या घरी गेलतो, पोराला कांद्याचं बघायचं होतं, मजूर मिळंना. निघताना सवयीनं तोंडातून 'येतो' निघालं. असल्या घरी येतो म्हणत नाहीत, हे लहान पोरालाबी ठाऊक, मी आपली जीभ चावली. त्याची आई ओट्यावर लसूण सोलत होती, ऐंशीच्या पुढची, कानानं कमी, पण हे बरोब्बर ऐकू गेलं. म्हणाली, "मग काय जातो म्हणतो का? सोमवारी कांदे काढायचेत. तुझ्याकडची चार माणसं घेऊन ये, आन खुरपी आण, आमची बोथट झालीत."