रानातल्या कॅनू-प्रवासाला जिवंत आमिष न्यावे का?

वल्हेकरी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तरेकडील बाउंडरी वॉटर्स आणि सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टॅरिओत पसरलेले क्वेटिको ही संरक्षित राने एकाच सरोवरमालिकेची दोन अंगे आहेत. मासेमारीचे नियम मात्र दोन्हीकडे वेगळे आहेत. क्वेटिकोत केवळ कृत्रिम आमिष चालते, आणि गळाला टोकाजवळचा उलटा काटा असता कामा नये. बाउंडरी वॉटर्समध्ये जळवा, गांडुळे असे जिवंत आमिषही वापरता येते. माझे स्पष्ट मत असे आहे की, परवानगी असली तरी तेथेही ते नेऊ नये.

पहिले कारण वाटेचे आहे. दोन सरोवरांमधल्या पायवाटेला तेथे पोर्टेज म्हणतात आणि ती ‘रॉड’ या मापात मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट आणि ३२० रॉड म्हणजे एक मैल. कॅनू, म्हणजे वल्ह्याची हलकी अरुंद होडी, खांद्यावर घेऊन अशा वाटा तुडवताना आमिषाचा डबा सांडू न देणे, तो उन्हापासून वाचवणे आणि त्यातले पाणी रोज बदलणे किती जाचक होते, हे तिसऱ्या दिवशी चांगलेच कळते.

दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. हिमयुग सरल्यानंतर त्या जंगलांत स्थानिक गांडुळे नव्हतीच. आज आहेत ती मूळची युरोपातली, आणि ती पसरण्याचा एक मार्ग म्हणजे परतताना काठावर ओतून दिलेले उरलेले आमिष. ही गांडुळे जमिनीवरचा पालापाचोळ्याचा मऊ थर फस्त करतात आणि त्या थराच्या आधाराने वाढणारी रोपे व रानफुले हळूहळू नाहीशी होतात.

माझी पेटी तळहाताएवढी असते. तिच्यात ३.५ आणि ७ ग्रॅम वजनाच्या केसाळ जिग (वजनाचे डोके असलेले गळ), एक लाल-पांढरा चमचा (चमच्यासारखे चमकणारे धातूचे आमिष), मासोळीच्या आकाराचे एक तरंगते आमिष, म्हणजे क्रँकबेट, आणि पाइक या माशाने दातांनी तंगूस तोडू नये म्हणून पोलादी तारेचे दोन तुकडे असतात. एका सरोवरातून पलीकडे वल्हवत जाताना क्रँकबेट कॅनूमागे सोडून ठेवले, तर प्रवास आणि मासेमारी एकाच वेळी साधते.

संथपाणी

गांडुळांबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. परंतु गांडुळांचा दोष जळवांवर टाकणे मला पटत नाही. आमिषासाठी मिळणारी रिबन जळू त्याच प्रदेशातल्या पाणथळींतली असते, ती चिवट असते, आणि झाकणाच्या एका लहान बरणीत, थोड्याशा गार पाण्यात, सावलीत ठेवली तर कित्येक दिवस जगते.

आपण वॉलआयचा विचार केलेला दिसत नाही. या माशाच्या डोळ्यामागे प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, म्हणून तो अंधूक उजेडात शिकार करतो आणि भर दुपारी खोल खडकाळ उतारावर सुस्त पडून राहतो. त्या वेळी चमचा कितीही वेळा त्याच्यापुढून नेला, तरी तो बहुधा हलत नाही. जळू मात्र मागच्या, म्हणजे मोठ्या चोषकातून गळाला लावली की पाण्यात लांब होऊन फितीसारखी लहरत राहते, आणि गळाची काठी स्थिर धरली तरी तिची हालचाल थांबत नाही. ज्यांनी रात्रीच्या जेवणात माशाचा हिशोब धरलेला असतो, किंवा ज्यांच्यासोबत अजून चमचा नीट फेकता न येणारी मुले असतात, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

शिवाय कृत्रिम आमिष निरुपद्रवी असते, असेही नाही. मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या गळावरून तुटून तळाशी पडतात, कुजत नाहीत, आणि मासे त्या गिळतात.

खडकावरची सावली

आपण दोघांनीही शिशाचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. लून हा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो. त्यांच्यासोबत, किंवा गळ अडकलेल्या माशासोबत, शिशाचे वजन पोटात गेले तर त्याला विषबाधा होते आणि एवढेसे वजनही त्याचा जीव घेण्यास पुरेसे असते. जळू लावा किंवा जिग, वजन कथिलाचे अथवा टंगस्टनचे असावे.

वल्हेकरी

शिशाचा मुद्दा मूळ निवेदनातच यायला हवा होता; माझ्या जिग टंगस्टनच्या आहेत. मऊ प्लॅस्टिकविषयीचा आक्षेपही मान्य आहे. म्हणूनच मी हरणाच्या शेपटीचे केस बांधलेली जिग वापरतो.

दुपारच्या वॉलआयबाबत मात्र मतभेद राहील. त्या वेळी मी काठी बाजूला ठेवतो आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला की पुन्हा पाण्यावर येतो. बरणीविषयी माझी खरी चिंता पाण्याची आहे. एका सरोवराचे पाणी दुसऱ्यात ओतले, तर त्यासोबत काटेरी पाणपिसूसारखा परका जीवही जातो, आणि एकदा शिरलेली पाणपिसू सरोवरातून काढून टाकण्याचा उपाय आज कोणाकडेही नाही.

आणखी एक. बाउंडरी वॉटर्समध्ये सक्ती नसली, तरी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. हलत्या कॅनूत माझ्या मुलाच्या अंगठ्यात गळ रुतला होता; काटा दाबलेला होता म्हणून तो एका हिसक्यात मागे आला. दवाखाना तेथून दोन दिवसांच्या अंतरावर होता.

संथपाणी

काटा दाबण्याची सूचना मी या खेपेपासूनच पाळेन. पाण्याविषयीची चिंताही रास्त आहे. पुढील सरोवरावर पोहोचण्याआधी बरणीतले पाणी वाटेतच, काठापासून दूर जमिनीवर ओतावे आणि पिण्यासाठी गाळून घेतलेले पाणी तिच्यात भरावे. त्यासाठी अर्धा लिटरही लागत नाही. उरलेल्या जळवा मी परत आणतो आणि कचऱ्यात टाकतो. एवढे करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने आपली तळहाताएवढी पेटीच न्यावी, हे मला मान्य आहे.